स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांना विद्यापीठाने विचारले पाहिजे

मरण्याचा हेतू मनात नसतानाही स्वतःच्या शरीराला जाणूनबुजून इजा करून घेणारी किशोरवयीन मुले आणि तरुण आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्याविषयी बोलणे होते ते बहुधा घराच्या बंद दाराआड किंवा मानसोपचारतज्ज्ञाच्या खोलीत, आणि तिथवर गोष्ट पोहोचेपर्यंत बराच काळ निघून गेलेला असतो. या विषयाला आणखी एक जागा हवी आणि ती विद्यापीठात हवी, असे माझे ठाम मत आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाने आपले मानसशास्त्र, समाजकार्य आणि शिक्षणशास्त्र या विषयांचे अध्यापक आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील, म्हणजे आपल्या ‘मेडिकल’मधील, मनोविकारतज्ज्ञ यांना एकत्र आणून या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करणारे संशोधन पथक उभे करावे. पदव्युत्तर पदवीसाठी एखाद्या विद्यार्थ्याने दोन महाविद्यालयांतून प्रश्नावल्या भरून आणाव्यात आणि प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसावा, एवढ्याने हे काम होणार नाही.

विद्यापीठाने हा विषय हाती घेतला की काय साधते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्नेल विद्यापीठात जॅनिस व्हिटलॉक यांच्या पुढाकाराने या विषयासाठी स्वतंत्र संशोधन पथक उभे राहिले. त्यांचा 2006 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आजही आधारासाठी घेतला जातो. कॉर्नेल आणि प्रिन्स्टन या दोन विद्यापीठांतील 2,875 विद्यार्थ्यांच्या उत्तरांवर तो बेतलेला होता. त्यांपैकी 17 टक्के विद्यार्थ्यांनी आयुष्यात कधी ना कधी स्वतःला अशी इजा केली होती आणि त्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी ती एकाहून अधिक वेळा केली होती. मला मात्र या आकड्यांपेक्षा पुढचे दोन आकडे अधिक अस्वस्थ करतात. इजा करून घेणाऱ्यांपैकी 36 टक्के जणांनी सांगितले की ही गोष्ट जगात कोणालाही ठाऊक नाही, आणि डॉक्टरला ती ठाऊक असल्याचे सांगणारे चार टक्केसुद्धा नव्हते. उत्तम दवाखाने, समुपदेशक आणि विम्याची सोय असलेल्या, देशातील नामवंत विद्यापीठांमधली ही स्थिती होती. दवाखान्यात येणारे रुग्ण मोजून या दुखण्याचा अंदाज करणारा माणूस किती मोठ्या भागाला मुकतो, हे त्या दोन आकड्यांवरून कळते, आणि म्हणूनच हे काम दवाखान्याच्या दारात बसून होणारे नाही.

या वागण्यामागे काय असते, याविषयी आता बरीच माहिती जमा झाली आहे. सुरुवात बहुधा तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या आसपास होते. असह्य झालेली भावना काही क्षण तरी ओसरावी, किंवा सगळे बधिर झाल्यासारखे वाटत असताना काहीतरी जाणवावे, हे कारण मुले सर्वाधिक वेळा सांगतात. स्वतःवरचा राग आणि स्वतःला शिक्षा करण्याची इच्छा हेही कारण वारंवार पुढे येते. इतरांचे लक्ष वेधण्याचे कारण त्या मानाने फार कमी जण देतात, आणि ज्या गोष्टीची कोणालाही कल्पना नसते ती लक्ष वेधण्यासाठी केली असे म्हणणे तर्कालाही धरून नाही. तरीही आपल्या घरांत पहिली प्रतिक्रिया ‘नाटकं करते’ अशीच असते, आणि मुलगा असेल तर ‘राग आला होता त्याला’ म्हणून विषय संपवला जातो. मुलींमध्ये हे प्रमाण अधिक आढळते हे खरे आहे. पण सर्वसामान्य लोकांमधील पाहण्यांत मुलामुलींमधील जो फरक दिसतो तो उपचारासाठी येणाऱ्यांमध्ये आणखी रुंदावतो. मुलगे मदत मागायला कमी येतात, एवढा अर्थ तरी त्यातून निघतोच. 2013 साली अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत हे वागणे ‘अधिक अभ्यासाची गरज असलेल्या स्थितीं’च्या यादीत घातले. मरण्याचा हेतू नसला तरी अशा मुलांमध्ये पुढे आत्महत्येच्या प्रयत्नाचा धोका वाढलेला असतो, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. म्हणून ते आत्महत्येचा प्रयत्न समजून घाबरणे जितके चुकीचे, तितकेच ते वयाचे खूळ समजून सोडून देणेही चुकीचे आहे.

बाहेरचे आकडे उपलब्ध असताना नागपूरने वेगळा अभ्यास कशासाठी करायचा, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर असे की आपल्याविषयीचे आकडे आपल्याजवळ फार थोडे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये केलेले राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण 12 राज्यांत झाले आणि 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार असल्याचा अंदाज त्यातून पुढे आला. शेजारचे मध्य प्रदेश आणि छत्तीसगड त्या 12 राज्यांत होते, महाराष्ट्र नव्हता. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग दरवर्षी विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची संख्या देतो, आणि 2022 साली देशातील 13,044 पैकी 1,764 विद्यार्थी महाराष्ट्रातील होते. इतर कोणत्याही राज्यापेक्षा ही संख्या मोठी होती. पण ही नोंद मृत्यूची आहे. जे मूल जिवंत आहे, शाळेत जाते, घरी जेवते आणि रात्री स्वतःला इजा करते, त्याची नोंद कोणत्याच सरकारी तक्त्यात होत नाही.

शिवाय प्रश्न कसा विचारला यावर उत्तर फार अवलंबून असते. या विषयावरील पाहण्यांचा एकत्रित आढावा 2012 साली घेण्यात आला, तेव्हा ‘कधी अशी इजा केली आहे का’ असा एकच प्रश्न विचारणाऱ्या पाहण्यांत प्रमाण सरासरी 12.5 टक्के आले होते, तर वेगवेगळ्या कृतींविषयी स्वतंत्रपणे विचारणाऱ्या पाहण्यांत ते 23.6 टक्के होते. तेव्हा कोणी उद्या नागपुरात दहा टक्के किंवा तीस टक्के असा आकडा जाहीर केला, तर तो कसा काढला हे विचारल्याखेरीज त्यावर विश्वास ठेवू नये. या कामाला घाईने पाहणी करणारी संस्था चालत नाही, पद्धतशास्त्र जाणणारे पथक लागते, ते यासाठी.

स्थानिक परिस्थितीचे एक उदाहरण मला फार बोलके वाटते. परदेशी माहितीपत्रकांत पालकांना आणि शिक्षकांना एक खूण हमखास सांगितलेली असते, ती म्हणजे उन्हाळ्यातही मूल पूर्ण बाह्यांचे कपडे घालत असेल तर सावध व्हा. ही खूण थंड प्रदेशात तयार झालेली आहे. नागपुरात नवतपा, म्हणजे मेअखेरचे सर्वाधिक तापणारे नऊ दिवस, सुरू झाला, पारा 45 अंशांच्या पुढे सरकला की दुचाकीवरची प्रत्येक मुलगी सनकोट, हातमोजे आणि चेहऱ्याभोवती गुंडाळलेला दुपट्टा अशीच बाहेर पडते, आणि पुष्कळ मुलेही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतात. इथे झाकलेले हात काहीच सांगत नाहीत. मग इथल्या मुलांच्या वागण्यातून काय ओळखायचे? घरी आल्यावरही सनकोट न काढणे, शाळेच्या मैदानावर कपडे बदलायला नकार देणे, पाहुणे आले की खोलीत कोंडून घेणे, असे अंदाज बांधता येतील, पण अंदाजावर शिक्षकांचे प्रशिक्षण उभारता येत नाही. ते इथल्या मुलांना आणि इथल्या आयांना विचारूनच ठरवावे लागेल.

विचारायचे कोणाला, याचाही विचार नीट व्हायला हवा. या विद्यापीठाचे क्षेत्र नागपूर, भंडारा, गोंदिया आणि वर्धा या चार जिल्ह्यांचे आहे. गडचिरोली आणि चंद्रपूर 2011 पासून गोंडवाना विद्यापीठाकडे आहेत, पण तिथली मुलेही शिक्षणासाठी नागपुरातच येतात. दहावी झाली की ती एखाद्या खोलीत, पीजीत किंवा वसतिगृहात राहतात, सकाळी कोचिंग क्लासला जातात, दुपारी मेसचा डबा खातात आणि रात्री नीटची किंवा जेईईची उजळणी करतात. त्यांच्यातील अनेकांचे नाव एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या पटावर असले तरी ती तिथे फारशी दिसत नाहीत. म्हणजे केवळ महाविद्यालयांमधून पाहणी केली तर सर्वांत एकटी पडलेली मुले नेमकी सुटतील. जी मुले शिक्षणातूनच बाहेर पडून दुकानात, गोदामात किंवा डिलिव्हरीच्या कामात लागली आहेत, ती तर कोणत्याच पटावर नाहीत. मराठी, हिंदी, वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी अशा बोलण्याच्या निरनिराळ्या सवयी असलेल्या या मुलांना एकच प्रश्नावली वाचून दाखवून भागणार नाही. सगळा दोष कोचिंग क्लासवर ढकलण्याचा मोह मात्र पथकाने टाळावा. घरातील मारहाण, लैंगिक अत्याचार, जातीवरून आणि रंगावरून होणारे टोमणे, शाळेतील छळ, आपल्या लैंगिक ओळखीविषयीची भीती, अशी कितीतरी कारणे अभ्यासाच्या ताणाचे सोपे उत्तर हाती येताच नजरेआड होतात.

आता या प्रस्तावावरच्या सर्वांत जुन्या आक्षेपाकडे वळतो. मुलांना असे प्रश्न विचारले तर त्यांच्या डोक्यात नसलेले खूळ आपणच भरवू, असे पालक म्हणतात, प्राचार्य म्हणतात, कधीकधी डॉक्टरही म्हणतात. ही भीती प्रामाणिक आहे आणि तिची थट्टा करणे योग्य नाही. पण तिची तपासणी झालेली आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांतील 2,342 विद्यार्थ्यांवर झालेला आणि 2005 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास होता. त्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे यादृच्छिक दोन गट करून एका गटाला आत्महत्येविषयीचे प्रश्न विचारले आणि दुसऱ्याला ते वगळून बाकीचे विचारले. दोन दिवसांनी पुन्हा विचारपूस केली तेव्हा प्रश्न विचारलेल्या मुलांमध्ये ना अस्वस्थता वाढलेली होती, ना आत्महत्येचे विचार. जी मुले आधीपासून नैराश्यात होती, त्यांच्यातील अस्वस्थता तर विचारल्यामुळे काहीशी कमीच दिसली. एका मुलाला एकांतात, सन्मानाने, मदतीची सोय हाताशी ठेवून विचारणे ही एक गोष्ट. भर वर्गात पडद्यावर जखमांची चित्रे दाखवणे, कोणी काय आणि कसे केले याचे तपशील सांगणे, ही वेगळी गोष्ट, आणि तिच्यातून अनुकरण होऊ शकते हे खरे आहे. संशोधकांनी, शिक्षकांनी आणि वर्तमानपत्रांनीही हा फरक कसोशीने पाळला पाहिजे. या फरकाची जाण नसलेल्या उत्साही व्याख्यात्यांपेक्षा काही न बोलणारी शाळा बरी, असेही मी म्हणेन.

विदर्भाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला अभ्यास 1989 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तेव्हा 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी एखादा तरी आजार असल्याचे जगाला कळले, आणि त्यांतल्या फार थोड्यांची त्याआधी कधी तपासणी झाली होती. त्या स्त्रिया इतकी वर्षे गप्प होत्या, कारण कोणी विचारलेच नव्हते. पुढे राणी बंग यांनी ‘तारुण्यभान’ या उपक्रमातून तरुणांशी शरीराविषयी आणि मनाविषयी मोकळेपणी बोलायला सुरुवात केली. अमरावती जिल्ह्यातील 30 गावांमध्ये ‘विश्राम’ या प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांच्या मदतीने नैराश्यावर काम केले. तिथे नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण सुमारे दीड वर्षात 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले. हे आकडे संशोधनाच्या शिस्तीमुळे आपल्याला माहीत आहेत. ज्या कामात सेवा आणि मोजणी बरोबरीने चालली, त्याचाच असा हिशेब देता येतो.

खरी कठीण बाब संमतीची आहे, आणि तिच्यावर या पथकाची सर्वाधिक शक्ती खर्ची पडेल. वैद्यकीय संशोधनाच्या आपल्याकडील नियमांनुसार 18 वर्षांखालील मुलाला अभ्यासात घ्यायचे तर पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची अनुमती, दोन्ही लागतात. यामागील हेतू चांगला आहे, पण या विषयात त्याची एक बाजू बोचते. ज्या मुलाच्या दुखण्याचे मूळ घरातच आहे, त्याला घरातून परवानगी आणायला सांगणे म्हणजे त्याला अभ्यासातून वगळणेच होय. पालकांना संमतीपत्रात अभ्यासाचा विषय प्रामाणिकपणे सांगितला तर अनेक जण नकार देतील, आणि विषय लपवला तर ती संमती खोटी ठरेल. माझ्या मते सुरुवात 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून करावी. पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थी स्वतः संमती देऊ शकतात आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी काय झाले होते हे मागे वळून सांगूही शकतात. आठवणीवर आधारलेल्या उत्तरांना मर्यादा असतात हे मान्य आहे, पण त्यातून शहराला पहिले चित्र मिळेल, पथकाची विश्वासार्हता तयार होईल, आणि मग पालक-शिक्षक संघांसमोर शाळांचा प्रस्ताव ठेवताना हातात काही असेल.

दुसरी अडचण गुप्ततेची आहे. उत्तरे पूर्णपणे निनावी ठेवली तर मुले खरे सांगतील, पण एखाद्याने आपण मरणाचा विचार करत आहोत असे लिहिले तर त्याच्यापर्यंत पोहोचायचे कसे? उलट नाव घेतले तर पोहोचता येईल, पण मुले लिहिणारच नाहीत. यावर निर्दोष तोडगा नाही. मला पटणारा मार्ग असा की प्रश्नावली निनावी असावी, शेवटी मदत हवी असणाऱ्याला स्वतःचा क्रमांक वेगळ्या कागदावर देण्याची मुभा असावी, आणि त्या क्रमांकावर त्याच दिवशी प्रशिक्षित माणसाने फोन करावा. प्रत्यक्ष मुलाखती घ्यायच्या असतील तर जीवाला धोका दिसल्यास गुप्तता कुठवर पाळता येईल हे पहिल्या प्रश्नाच्या आधीच सांगितले पाहिजे. विश्वासात घेऊन नंतर तो मोडण्यासारखे नुकसान दुसरे नाही, आणि या वयातली मुले एकदा फसवली गेली की मोठ्या माणसांकडे पुन्हा लवकर येत नाहीत.

कुटुंबांना आणखी एक भय असते ते पोलिसांचे. जखम दाखवायला मेडिकलला किंवा मेयो या शहरातील दुसऱ्या शासकीय रुग्णालयात नेले तर ‘केस’ होईल, नाव बाहेर येईल, पुढे मुलीच्या लग्नात अडचण येईल, या भीतीने कित्येक जखमा घरीच बांधल्या जातात. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये आला आणि त्याच्या कलम 115 ने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूद केली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंडसंहितेचे कलम 309 राहिले नाही. सार्वजनिक सेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरताच गुन्हा उरला आहे. मरण्याचा हेतूच नसलेल्या इजेचा तर याच्याशी संबंधही येत नाही. कायदा बदलला, पण आकस्मिक विभागाच्या दारापाशी उभ्या असलेल्या बापाला ते कोणी सांगितलेले नाही, आणि तिथल्या कर्मचाऱ्यांपैकी किती जणांना ते माहीत आहे हेसुद्धा पथकाने तपासायला हवे.

संशोधनावर पैसा घालण्याऐवजी आधी समुपदेशक नेमा, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार 100 किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेने किमान एक अर्हताप्राप्त समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा आहे. हे झालेच पाहिजे आणि अभ्यास पूर्ण होण्याची वाट पाहत ते थांबता कामा नये. मात्र नेमणुकांचे यश कशावर अवलंबून असते, हे संशोधनातूनच कळते. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील शाळांमध्ये झालेल्या ‘सेहेर’ या प्रयोगात एकच कार्यक्रम काही शाळांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी राबवला आणि काही शाळांत तिथल्याच शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, छळ आणि हिंसा कमी झाली, मुलांमधील नैराश्याची लक्षणे घटली. शिक्षकांनी राबवलेल्या कार्यक्रमाचा परिणाम दिसला नाही. हे तपासून पाहिले नसते तर कोणत्याही शिक्षण विभागाने स्वस्त म्हणून शिक्षकांचाच पर्याय निवडला असता आणि काम झाले असे समजून फाइल बंद केली असती. नागपुरातही समुपदेशकाचे पद इतिहासाच्या किंवा शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपवले जाण्याचा धोका आहे. तो धोका आहे हे सांगणारे आणि आकड्यांनी दाखवणारे कोणीतरी स्वतंत्र हवे.

म्हणून पथकाच्या स्थापनेलाच एक अट घालावी. जिथे मदतीची सोय उभी नाही, तिथे पाहणी होणार नाही. ज्या महाविद्यालयात प्रश्नावली जाईल, तिथे त्या दिवशी समुपदेशक हजर असेल, पुढच्या उपचारासाठी मेडिकलच्या मनोविकार विभागाशी आधीच ठरलेली व्यवस्था असेल, आणि टेलिमानस या शासकीय सेवेचा 14416 हा क्रमांक, जो दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध आहे, प्रत्येक प्रतीवर छापलेला असेल. प्रश्नावली तयार करताना या अनुभवातून गेलेले आणि आता सावरलेले तरुण पथकाच्या टेबलाशी बसतील आणि त्यांना त्या कामाचे मानधन मिळेल. कोणत्याही महाविद्यालयाचे नाव निष्कर्षांत येणार नाही, नाहीतर ‘आमच्याकडे असे काही नाही’ हेच उत्तर प्रत्येक व्यवस्थापन देईल. आणि निष्कर्ष मराठीत लिहिले जातील, पहिल्यांदा ज्यांनी उत्तरे दिली त्या विद्यार्थ्यांसमोर मांडले जातील, मग पालकांसमोर, त्यानंतर नियतकालिकांत.

याला लागणारा खर्च विद्यापीठाच्या आवाक्यातला आहे. दोन-तीन पूर्णवेळ संशोधक, तेवढेच समुपदेशक, प्रवासखर्च आणि किमान पाच वर्षांची हमी एवढे मिळाले तरी काम सुरू होते. पाच वर्षांची हमी मी आग्रहाने मागतो, कारण पहिल्या वर्षी महाविद्यालये दार उघडणार नाहीत, दुसऱ्या वर्षी मुले अर्धवट उत्तरे देतील, आणि विश्वासाने मिळालेली उत्तरे त्यानंतरच येऊ लागतील. अधिसभेच्या येत्या अर्थसंकल्पी बैठकीत एखाद्या सदस्याने हा प्रस्ताव मांडावा, आणि त्यासाठी लागणारा मसुदा तयार करून देण्याची जबाबदारी मानसशास्त्र आणि समाजकार्य शिकवणाऱ्या इथल्या अध्यापकांनी घ्यावी.